नळाची रांग, मताची रांग

मोबाइल इथेच ठेवा. घड्याळ न्यायचंच असेल तर किल्लीचं न्या, सकाळी आठवणीने किल्ली द्यावी लागेल. खिशात थोडी चिल्लर असू द्या. टेरिकॉटचा बुशशर्ट चालेल, नायलॉनची साडीही चालेल, पण दिवस मार्चचे आहेत आणि गाव मुंबई आहे, तेव्हा घामाची तयारी ठेवा. बरोबर एकच प्रश्न घ्या. डळमळतं सरकार असतं, समोर विरोधक असतात, पण त्यांचं एकमेकांशी जन्मात पटलेलं नसतं. अशा विरोधकांच्या हातून सरकार जाऊ शकतं का?

उत्तर शोधायला दिल्लीला जायची गरज नाही. आपण गोरेगावला उतरतोय, १९७७ सालात. पश्चिमेला, स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत गेल्यावर एक चाळ लागते. तिथल्या एका काकूंकडे तुम्ही पाहुणे आहात.

जाग येते ती भांड्यांच्या आवाजाने. बाहेर मिट्ट काळोख आहे. चार वाजले असावेत. दाराशी कुणीतरी हंडा आपटतंय, कुणीतरी लेकराला हाक मारतंय, आणि काकू तुमच्या हातात रिकामी बादली देतात. "पाहुणे असलात तरी पाणी सगळ्यांना लागतं. चला."

नळाशी पोचता तेव्हा रांग वळणापर्यंत गेलेली असते. बायका कमी, भांडी जास्त. पितळी कळशी, पोचे आलेला ॲल्युमिनियमचा हंडा, डालडाचा डबा, आणि जिला यायला उशीर होणार तिच्या नावाने ठेवलेली एक वीट. विटेचाही नंबर धरला जातो, त्यावरून भांडणं होतात आणि मिटतातही. पायाखालचा सिमेंटचा ओटा शेवाळाने बुळबुळीत झालाय, अंगठ्याने जमीन धरून उभं राहावं लागतं. डास पोटऱ्या फोडून काढतात. शेजारच्या खोलीत कुणी स्टो पेटवलाय, रॉकेलचा वास थेट घशात उतरतो.

मग नळ बोलायला लागतो. आधी नुसती हवा, फुस्स करून. मग खाकरल्यासारखा आवाज, दोन-चार तांबूस थेंब, आणि शेवटी करंगळीएवढी धार. रांग एकदम सावध होते. आता तुमच्या लक्षात येईल की इथल्या बायका धारेकडे बघून सांगू शकतात, आज पाणी किती वेळ टिकणार आणि कुणाच्या कळशीपाशी जाणार.

तुमच्या पुढच्या बाईच्या तोंडी "मृणालताई" येतं. जणू सख्खी नणंद असावी, असं. मृणाल गोरे. उपनगरात पाण्यासाठी मोर्चे काढून काढून जिला लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हणायला सुरुवात केली, ती. १९६१ मध्ये महापालिकेत गेली, १९७२ मध्ये विधानसभेत. आणीबाणी आल्यावर भूमिगत झाली, मग पकडली गेली. आता सुटून आलीय आणि उत्तर मुंबईतून लोकसभेला उभी आहे.

"तेव्हा लाटणी घेऊन गेलो होतो, आठवतंय?" काकू मागे वळून विचारतात. पाचेक बाया एकदम हसतात. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा मोर्चा. तेल मिळेना, साखर मिळेना, रॉकेल मिळेना, तेव्हा थाळ्या बडवत आणि लाटणी उगारत बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एका मोर्चात पुढे चालत होत्या. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण रिकामा डबा एकाच मापाचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बादली भरते. उचलताना दांडी तळहातात रुतते. खोलीपर्यंत आणेस्तोवर अर्धा पायजमा भिजलेला असतो.

आता स्टेशनवर चला. आठच्या सुमाराची चर्चगेट लोकल. फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. गाडी पुरती थांबायच्या आत माणसं दांड्याला लोंबकळतात, आणि तुम्ही आत चढत नाही, तुम्हाला आत ढकललं जातं. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाचा डबा पोटाशी. डब्यातून लसणीच्या चटणीचा वास, शेजाऱ्याच्या केसांना खोबरेल तेल, आणि या सगळ्यावर घामाचा दमट थर. डोक्यावरचे पंखे कंगव्याने ढोसल्यावर फिरतात.

भिंतींवरच्या घोषणा वाचा. काम जास्त, बोलणं कमी. शिस्त. वीस कलमी कार्यक्रम. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. दीड वर्ष ही अक्षरं बघून बघून लोकांना दिसेनाशी झालीत, पण बोलणं कमी करायची सवय मात्र अंगात मुरलीय. चौथ्या सीटवर बसलेले दोघं निवडणुकीबद्दल बोलतायत, आणि त्यांचे आवाज असे की तुम्हाला वाकून ऐकावं लागेल. मध्येच एक जण दाराकडे बघतो. दारात उभा असलेला माणूस कोण, कुणाचा, कुठून आला? मिसा कायद्याखाली कुणाला उचललं, कुणाच्या घरी रात्री दार ठोठावलं गेलं, याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, आणि नीट कुणालाच माहीत नाहीत. निवडणूक जाहीर होऊन दोन महिने होत आले तरी आणीबाणी उठलेली नाही.

तुमच्या बाजूचे गृहस्थ सरकारी शाळेत शिकवतात. त्यांच्याकडे नसबंदीच्या 'केसेस' मागितल्या होत्या. ते सांगतात तेव्हा त्यांची मान खाली असते. "वर्गातल्या मुलांच्या बापांना मी काय विचारायचं हो?" एवढंच बोलतात आणि पेपर उघडून तोंडासमोर धरतात. लोकलमधली माणसं त्यांच्याकडे बघत नाहीत. बघितलं तर त्यांना आणखी लाज वाटेल, हे सगळ्यांना कळतं.

हे सरकार डळमळतंय, असं कुणी तुम्हाला या गाडीत मोठ्याने सांगणार नाही. पण त्या खाली गेलेल्या मानेत ते दिसतंय.

संध्याकाळी परत या. नाक्यावरच्या हॉटेलात बसू. चहा ग्लासात येतो, उकळून उकळून लालकाळा झालेला, वर साय धरलेला. संगमरवरी टेबलाला फडक्याचा आंबूस वास आहे. कोपऱ्यातल्या टेबलाशी तीन माणसं बसलीत आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळच आहे.

एक गुरुजी, राष्ट्र सेवा दलातले, समाजवादी. दुसरे अण्णा, शाखेचे. संघावर बंदी आहे, म्हणून शाखा नाही, पण पाठीचा कणा अजून ताठ. तिसरा कारखान्यात काम करणारा, लाल बावट्याचा. दोन वर्षांपूर्वी हे तिघे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहिले नसते. गुरुजींना अण्णांचा धर्माचा विचार पटत नाही, अण्णांना लाल बावटा परदेशी वाटतो, आणि लाल बावट्याला हे दोघेही शेठजींच्या बाजूचे वाटतात. अजूनही वाटतात. ऐका, अजूनही भांडतायत.

पण गुरुजी आणि अण्णा एकत्र तुरुंगात होते. येरवड्याच्या बराकीत ज्याला रोज सकाळी मोरीच्या रांगेत भेटायचं, ज्याच्याबरोबर पातळ डाळ वाटून घ्यायची, ज्याच्या घरचं पत्र आलं नाही की आपल्यालाही करमत नाही, त्याच्याशी वैर चालू ठेवायला फार कष्ट पडतात. "मतभेद मिटले नाहीत," गुरुजी तुम्हाला सांगतात. "पण माणूस कळला."

"एकाहत्तरलाही तुम्ही एकत्र आला होतात की," तुम्ही विचारून बघा.

तिघेही गप्प होतात. मग गुरुजीच बोलतात. "आलो होतो. महाआघाडी केली होती. पुढारी एकत्र बसले, जागा वाटून घेतल्या, इंदिरा हटाव म्हणाले. लोकांनी काय केलं? महाराष्ट्रात पंचेचाळीसपैकी बेचाळीस जागा काँग्रेसला दिल्या. कारण आम्ही एकत्र का आलोय, ते आम्हाला माहीत होतं. लोकांना त्यात त्यांचं काही दिसत नव्हतं."

"आणि आता?"

लाल बावटेवाला ग्लास खाली ठेवतो. "आता भीती एकच आहे. माझ्या पक्षाचा माणूस इथे उभा नाही. मी जनता पक्षात जाणार नाही. पण मत फोडणारही नाही."

बघा, बेरजेचं गणित इथे बदलतं. विरोधकांच्या सगळ्या मतांची बेरीज सरकारपेक्षा जास्त असणं ही जुनीच गोष्ट आहे. ती मतं एका चिन्हावर येण्यासाठी नाक्यावरच्या माणसाला मागे सरकावं लागतं, आणि तो दिल्लीहून हुकूम आला म्हणून सरकत नाही.

चिन्हाचीही गंमत बघा. संघटना काँग्रेस, जनसंघ, लोकदल आणि समाजवादी असे चार पक्ष मिळून जनता पक्ष झालाय, पण तो इतका नवा आहे की त्याला स्वतःचं चिन्हच नाही. चरणसिंगांच्या भारतीय लोकदलाचं चिन्ह घेऊन सगळे उभे आहेत, चक्रात नांगर खांद्यावर घेतलेला शेतकरी. गोरेगावच्या चाळीत नांगर कुणी बघितलाय? म्हणून गुरुजी खिशातून खडू काढतात आणि हॉटेलच्या पायरीवर एक वर्तुळ, त्यात माणूस, खांद्यावर नांगर असं काढून पोरांना दाखवतात. "ही निशाणी काँग्रेसच्या गाय-वासराची नाही. ही आपली." पोरं ते चित्र चाळीच्या प्रत्येक जिन्यावर उतरवत सुटतात. त्यातल्या एकाचा नांगर थेट छत्रीसारखा दिसतो. काकू ओल्या फडक्याने पुसतात आणि स्वतः पुन्हा काढतात.

रात्री सभा आहे. लवकर निघा, नाहीतर उभं राहायलाही जागा मिळणार नाही. मैदानात पेट्रोमॅक्सचे दिवे सूं सूं करतायत, दिव्याभोवती किडे घिरट्या घालतायत. चुरमुरेवाला, शेंगावाला, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, त्याच्या घुंगरांचा आवाज. धुळीत बसलेली माणसं, पुढे पोरं, मागे सायकली. या दिवसांत महाराष्ट्रभर सभा अशाच भरतायत. पु. ल. देशपांडे लेखणी बाजूला ठेवून व्यासपीठावर उभे राहतात आणि माणसं हसता हसता गंभीर होतात, अशी वर्णनं गाडीत ऐकायला मिळतात.

मृणालताई येतात. सुती साडी, झपझप चाल. टाळ्या वाजतात, पण त्यापेक्षा मोठा आवाज बायकांचा आहे. नळावरची सगळी रांग इथे आलीय. ताई नळाबद्दल बोलतात, रेशनबद्दल बोलतात, तुरुंगातल्या बायांबद्दल बोलतात. तुम्ही वाट बघत असाल राज्यघटनेवरच्या भाषणाची, तर ते याच बोलण्यात विरघळून आलंय. पाणी का आलं नाही हे विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडायचा हक्क काढून घेतला की नळही कोरडाच राहतो. हे समोर धुळीत बसलेल्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग चादरी फिरतात. हे जवळून बघा. एका चादरीचं एक टोक गुरुजींच्या हातात, दुसरं अण्णांच्या, तिसरं लाल बावट्याच्या, चौथं एका कॉलेजच्या मुलाच्या. गर्दीतून चादर पुढे सरकते तशी मध्ये झोळ पडत जातो. दहा पैशांची नाणी, चाराणे, आठाणे. एक म्हातारी कमरेची चंची सोडते, पान-सुपारीच्या खालून चौपदरी घडी केलेली एक रुपयाची नोट काढते, उलगडते, हाताने सपाट करते आणि मग टाकते. चादर जड होते. चारही जण ती एकाच उंचीवर धरायला बघतायत, कारण एकाने जरी हात खाली केला तर पैसे सांडतील. कालपर्यंत एकमेकांच्या सभा उधळणारी ही माणसं आता एकमेकांच्या पावलाकडे बघून पाऊल टाकतायत.

मतदानाचा दिवस. शाळेचा वर्ग, फळ्यावर अजून कालचं गणित आहे. बाकं भिंतीला लावलीत. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि रांग फाटकाबाहेर गेलीय. यातल्या अर्ध्या बायका तुम्हाला पहाटेच्या नळावरच्या दिसतील. इथेही त्या नंबर धरतात. "माझं पोर रडतंय, जरा घरी जाऊन येते, नंबर बघा." फक्त इथे वीट ठेवता येत नाही.

एकवीस वर्षं पूर्ण असतील तरच आत जाता येईल. तुमचं नाव यादीत नाही, तेव्हा काकूंच्या मागे उभे राहून बघा. कारकून डाव्या तर्जनीवर नखाच्या मुळाशी शाईची रेघ ओढतो. आधी ओली जांभळी, बघता बघता काळी. काकू ती फुंकून वाळवतात. मग कागद हातात येतो. गुरुजींनी आदल्या रात्री दारोदार जाऊन एकच गोष्ट शिकवलीय. शिक्का मारल्यावर कागदाची घडी उभी घाला. आडवी घातलीत तर ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटेल आणि मताचा वाद होईल. काकू गोणपाटाच्या आडोशामागे जातात. शिक्का टेकल्याचा आवाज येतो, ठप्प. क्षणभर शांतता. त्या फुंकर मारत असणार. मग बाहेर येतात, उभी घडी घातलेला कागद लोखंडी पेटीच्या फटीत सरकवतात आणि खाली गेला की नाही ते वाकून बघतात.

वाटेत तुम्ही विचारता, कुणाला दिलंत? काकू तुमच्याकडे अशा बघतात की पुन्हा विचारायची हिंमत होत नाही. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी काही गुपित ठेवलंय ते भीतीपोटी नाही.

मतमोजणीच्या रात्री चाळीत कुणी झोपत नाही. पाडव्याचे दिवस आहेत, कुणाच्या घरी कडुलिंबाची डहाळी, कुणाच्या घरी साखरेच्या गाठी. खिडक्याखिडक्यांत ट्रान्झिस्टर ठेवलेत. एकाच बातमीचे दहा आवाज, प्रत्येक जरा मागेपुढे. आकाशवाणीवर विश्वास न बसणारे बीबीसी लावायला काटा फिरवतायत, मधून खरखर, मधून गाण्याचा तुकडा. तरणी पोरं शेवटच्या गाडीने शहरात गेलीत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांसमोर उभं राहायला. तिथे फळ्यावर खडूने आकडे पडतात, आणि आकडा पुसून नवा लिहिताना हजार माणसं श्वास धरतात, असं परत आलेला पहिला पोरगा सांगतो.

बातम्या येत राहतात. पहाटेच्या सुमाराला कुणीतरी गॅलरीतून ओरडतं, "रायबरेली गेली!" पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः पडल्या. राजनारायण पंचावन्न हजारांच्या वर मतांनी निवडून आले. कुणी विश्वास ठेवत नाही. मग दुसऱ्या खिडकीतून तेच, तिसरीतून तेच. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसून घेतात. नसबंदीच्या केसेस मागितलेले ते मास्तर चाळीच्या तोंडाशी उभे आहेत. पेपर तोंडासमोर नाही. मान वर आहे.

उत्तर प्रदेशात पंच्याऐंशीपैकी एकही जागा काँग्रेसला नाही. महाराष्ट्रात अठ्ठेचाळीसपैकी वीस. मुंबईतल्या सहाच्या सहा गेल्या, उत्तर मुंबईतून मृणाल गोरे, उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर. लाटणं घेऊन पुढे चाललेल्या त्या दोघी आता बरोबरच लोकसभेत जाणार. देशात जनता पक्ष २९५, काँग्रेस १५४. गल्लीत ताशा आलाय, गुलाल आलाय, आणि पोरांच्या तोंडी एकच घोषणा आहे: "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!" तुमच्याही केसांत गुलाल आहे, घशाला कोरड आहे, आणि कोण कुणाला मिठी मारतंय ते कळत नाही.

आता सावकाश त्या हॉटेलापाशी चला. कोपऱ्यातलं टेबल. गुलालात माखलेले तिघे. आणि आवाज चढलेले. पंतप्रधान कोण, मोरारजी की जगजीवनराम की चरणसिंग? अण्णा एक म्हणतात, गुरुजी दुसरं म्हणतात, लाल बावटेवाला म्हणतो, तुमचं सरकार मला विचारून चालणार नाही, हे मी आजच सांगून ठेवतो. विजयाला अजून एक दिवसही झालेला नाही.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. मोरारजींचं सरकार १९७९ च्या जुलैत पडेल. आज एकाच चादरीची टोकं धरणारे उद्या ती आपापल्या बाजूला ओढतील. ते ओठांवर येतं तुमच्या. काकू टेबलाशी येऊन उभ्या आहेत, या तिघांना पाडव्याच्या गाठी द्यायला. न राहवून तुम्ही त्यांना विचारता, "काकू, हे टिकेल का हो? ही माणसं अशी भांडतायत..."

काकू गाठी टेबलावर ठेवतात. "नाही जमलं यांना, तर यांनाही घरी बसवू. कसं बसवायचं ते आता कळलंय ना."

१९८० मध्ये लोकांनी तेच केलं, इंदिरा गांधींना पुन्हा निवडून दिलं. त्यावरून १९७७ फुकट गेलं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. एकमेकांशी न पटणारे विरोधक सरकार पाडू शकतात का, या प्रश्नाचं उत्तर गोरेगावात आहे: पाडू शकतात, पण त्यांची एकी आधी लोकांच्या रांगेत झालेली असेल तरच. पुढाऱ्यांची एकी दोन वर्षांत मोडली. सरकार आपल्या मताने येतं आणि आपल्याच मताने जातं, हे मात्र काकूंना कुणी विसरायला लावू शकलं नाही, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक सरकारला ते लक्षात ठेवावं लागलंय.